बाबूजीच्या वहीतली एक खोटी ओळ

बाबूजीच्या शोकसभेचं प्रोसिडिंग कोणी लिहिलंच नाई.

सभा झाली, फोटोले हार झाला, दोन मिनिटं उभं राहून झालं (त्यातलं दीड मिनिट कोणाचा तरी मोबाईल वाजत होता), पण वही कोणी उघडली नाई. कोणाच्या ध्यानातच आलं नाई. आमच्या गावात जिथी सभा तिथी बाबूजीच्या मांडीवर वही, हे इतकं पक्कं होतं की वही आपोआप लिहिली जाते असंच लोकाईले वाटे. त्या दिवशी बाबूजी फोटोत होते. फोटोतबी तोंड असं, की आता म्हणतीन, "वक्त्यानं आपलं पूर्ण नाव सांगावं."

मी नकला करतो. पोटासाठी मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, पण गावात ओळख नकलेची. ठाणेदार करतो, हेडमास्तर करतो, सूरजागडहून खनिज घेऊन येणारा ट्रक आमच्या बसस्टँडच्या चढावर गिअर बदलते तो आवाजबी करतो. पहिली नकल मात्र बाबूजीची केली होती, नववीत, गॅदरिंगले. बाबूजी पहिल्या रांगेत बसून काहीतरी लिहून राह्यले होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं. मले वाटलं आता कान जाते. तं म्हणाले, "चष्मा मी उजव्या हातानं वर करतो. तू डाव्या हातानं केला. दुरुस्त कर."

असा माणूस.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गावाचं नाव मी सांगणार नाई. बाबूजीचं आडनावबी नाई. आपल्याकडं आडनाव ऐकलं की ऐकणारा मनातल्या मनात मोहल्ला शोधते, अन् मोहल्ला भेटला की पुढचं ऐकणं बंद. तालुक्याचं गाव आहे. वरचा मोहल्ला अन् खालचा मोहल्ला असे दोन मोठे मोहल्ले, मधात बसस्टँड, बसस्टँडले लागून शाळा, शाळेच्या भिंतीले लागून चिंच. एवढं पुरे. वरचे म्हणजे कोण अन् खालचे म्हणजे कोण, हे विचारू नका. सांगितलं तं तुमच्यातले अर्धे मान डोलावतीन, अर्धे पान उलटवतीन, अन् माझी गोष्ट तिथीच मरन.

बाबूजी त्या शाळेत क्लर्क. अक्षर असं की छापलेलं वाटे. त्या अक्षरामुळं शाळा समितीपासून पाणीपुरवठ्यापर्यंत, वरच्या मोहल्ल्याच्या मंडळापासून खालच्या मोहल्ल्याच्या कमिटीपर्यंत, कोणाचीबी बैठक असो, लिहायले बाबूजी. अंगात अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेन. पांढरा म्हणायचा, पण आमच्या रोडवर ट्रकची लाल धूळ एवढी की दुपारपर्यंत सगळं गाव एकाच रंगाचं होते. त्या वेळापुरती तरी एकी असते म्हणा.

लिहिण्यात बाबूजीचा एक हट्ट होता. "सर्वानुमते" हा शब्द ते फुकटात कोणाले देत नव्हते. बाकी ठिकाणी अध्यक्ष म्हणते "मंजूर?", दोघं जण मुंडी हालवतेत, लिहिणारा "सर्वानुमते मंजूर" टाकून मोकळा. बाबूजी पेन थांबवून म्हणत, "हात वर करा. तोंड नाई, हात." मंग एक एक हात मोजत. एकदा शाळा समितीत अकरा माणसं अन् दहा हात निघाले. अकरावे एक मोठे ठेकेदार, खुर्चीत झोपून होते. अध्यक्ष म्हणाले, "जाऊ द्या न बाबूजी, लिहा सर्वानुमते." बाबूजीनं लिहिलं, "बाजूने दहा. एक सदस्य झोपेत." अन् सभा संपतानी ठेकेदाराले उठवून त्याखाली त्याचीच सही घेतली. त्यानं न वाचताच केली.

ह्या गोष्टीवर गाव सहा महिने हसलं. मी तं ठेकेदाराचं घोरणंबी बसवलं होतं.

पण बाबूजीचं खरं हत्यार दुसरंच. दोन शब्दाचं. "लिहू काय?"

सभेत कोणी तापला, तोंडाले येईन ते बोलायले लागला, की बाबूजी उजव्या हातानं चष्मा वर करत, पेनचं टोपण काढत अन् अगदी साध्या आवाजात विचारत, "लिहू काय?" झालं. वाघासारखा बोलणारा माणूस एकदम, "नाई म्हणजे, माझं म्हणणं तसं नोयतं..." करून खाली बसे. आपलं बोलणं आपल्या नावासमोर शाईत उमटणार, ह्या गोष्टीचं भेव होतं लोकाईले तवा.

एकदा बसस्टँडच्या टपरीवर बोंब उठली की खालच्याईनं पाण्याच्या टाकीत काहीतरी टाकलं. टपरीवाला शंकर स्वतः डोळे मोठे करून सांगून राह्यला होता. बाबूजी चहा प्यायले आलेले. खिशातून छोटी डायरी काढली.

"लिहू काय? कोणी पाह्यलं?"

"मले बबन बोलला न."

बबनले बोलावलं. "मले तं कंडक्टर बोलला बाबूजी." कंडक्टर तिथीच बस लावून उभा. "आमच्या डेपोत भेंडाळेबाई सांगत होत्या." भेंडाळेबाईले फोन. त्या म्हणाल्या, "मले माझ्या जावयानं सांगितलं." जावई कोण? तं टाकीवरचा माणूस, नगरपंचायतीचा. आला बिचारा सायकलवर. म्हणे, "होय न, मीच टाकली. ब्लिचिंग पावडर. सासूबाईले म्हणलं होतं की आज पाण्याले वास येईन."

बाबूजीनं सगळ्याईची नावं खाली खाली लिहिली, शंकरले वाचून दाखवली अन् म्हणाले, "सर्वात वर तुझं नाव आहे. सही कर."

शंकरनं त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाई.

इथपर्यंत गोष्ट गमतीची आहे. इथपर्यंतची नकल मी स्टेजवर करतो. पुढची करत नाई.

मी तिसरीत असतानी आमच्या गावात एक दगड पडला. मिरवणूक निघाली होती. (कोणाची, ते विचारायचं नाई म्हणलं न.) बसस्टँडवरून शाळेच्या भिंतीजवळून चालली होती, समोर ढोलवाले. ढोलवाले गावातले नोयते, तिकडं एटापल्लीच्या बाजूनं, जंगलातल्या गावातून मजुरीवर आणलेले. त्यातल्या एकाच्या डोळ्यात दगड बसला. डोळा गेला. अन् मंग काय, "दगड मारला, दगड मारला" म्हणत जे सुरू झालं, दोन दुकानं जळली, पाच दिवस शाळा बंद. आम्ही पोट्टे खुश होतो. आम्हाले कुठी काय समजत होतं.

मंग ठाण्यात शांतता समिती बसली. दर सणाच्या आधी बसते तीच. तेच लोक, तेच समोसे, "आपलं गाव कसं भाईचाऱ्यानं राहते" हे तेच भाषण. लिहायले बाबूजी. अन् बाबूजीनं त्या दिवशी लिहिलं: "अज्ञात समाजकंटकांनी केलेल्या दगडफेकीत एक वादक जखमी झाला."

बस. एवढीच ओळ. सगळ्याईनं सह्या केल्या. गाव शांत झालं. सगळे म्हणाले, बाबूजीनं कसं निभावून नेलं पाहा.

पण "अज्ञात" म्हणजे रिकामी जागा. अन् रिकामी जागा कोणी रिकामी ठेवते काय? वरच्याईनं त्यात खालच्याईचं नाव भरलं, खालच्याईनं वरच्याईचं. दर साली थोडं थोडं. आधी दबक्या आवाजात, मंग भाषणात, मंग मोबाईल आले तवा फोटो टाकून. आता तं त्या दिवसाचा बॅनर लागते. "आम्ही विसरलो नाही." दोन्ही मोहल्ल्यात लागते. एकाच फ्लेक्सवाल्याकडं छापते, अक्षरबी सारखं, खालचे फोटो तेवढे वेगळे. अन् फोटोतले पोट्टे अठरा-एकोणीस वर्षांचे. दगड पडला तवा ह्याईच्या माय-बापाचं लग्नबी झालेलं नोयतं. अन् हे विसरले नाई!

मले ह्या गोष्टीचा इतका राग येते की काय सांगू. गावात दवाखान्यात डॉक्टर नाई, रोडवर ट्रकखाली दर महिन्याले कोणी ना कोणी जाते, कॉलेजात विज्ञानाले मास्तर नाई. त्याचं कोणाले काही याद राहत नाई. दगड तेवढा याद आहे.

दोन-तीन सालाआधी शांतता समितीची बैठक होती. मी माईक लावायले गेलो होतो. वरच्या मोहल्ल्यात एक नवीन भाऊ तयार झाले होते, खालच्यातबी एक भाऊ. आपण वरचे भाऊ अन् खालचे भाऊ म्हणू. वरचे भाऊ उभे राहिले अन् सुरू झाले, "आमच्या सबुरीचा अंत पाहू नका, एकेकाले..." वगैरे. बाबूजीनं चष्मा वर केला, टोपण काढलं.

"लिहू काय?"

वरचे भाऊ हसले. "लिहा न बाबूजी! लिहा कायले, व्हिडिओच काढा!" अन् मागच्या पोट्ट्याले म्हणाले, "ए, काढून राह्यला न बे? मंग टाक लगेच."

खालचे भाऊ मांग राहतेत काय? त्याईनंबी आपला मोबाईलवाला समोर आणला. सगळे हसले. मीबी हसलो. अन् हसता हसता बाबूजीकडं पाह्यलं. टोपण हातात तसंच, पेन वहीवर तसंच. लिहून राह्यले नोयते. त्या माणसाले जे एक येत होतं, ते त्या दिवशी चालेनासं झालं.

त्यातला थोडा वाटा माझाबी आहे. "लिहू काय?" ची नकल मी एवढी केली होती, तिचा व्हिडिओ एवढा फिरला होता, की त्या शब्दाचं भेवच मेलं होतं. पोट्टे एकमेकाले चहा देतानीबी "लिहू काय?" म्हणत.

त्याच्या पुढच्या बैठकीत बाबूजी पहिल्यांदा लिहायले नाई, बोलायले उभे राहिले. अध्यक्षस्थानी ठाणेदार. वही बाजूले ठेवलेली. तसंही ठाण्यात आता कॉम्प्युटर होता, ऑपरेटर टाईप करे.

"मले एक दुरुस्ती सुचवायची आहे," बाबूजी म्हणाले. "जुन्या प्रोसिडिंगमध्ये. 'अज्ञात समाजकंटक' असं मी लिहिलं, ते खोटं आहे. मी त्या दिवशी ऑफिसात दाखले लिहीत होतो. खिडकीतून पाह्यलं. शाळेच्या भिंतीवर चढून एक पोरगा चिंचा पाडून राह्यला होता. त्याचा दगड खाली गेला. तो पाचवीत होता. तो माझा सोनू होता."

बाबूजीनं चष्मा वर केला.

"तवाचे ठाणेदार साहेब म्हणाले, कोणाचं नाव नको, अज्ञात टाका, गाव थंड होऊ द्या. मी टाकलं. गाव थंड व्हावं म्हणून टाकलं असं मीच मले सांगत आलो. खरं म्हणजे पोरगा माझा होता म्हणून टाकलं. काल रात्री सोनूले फोन केला, पुण्याले. त्याले विचारलं. तो म्हणते, बाबा, मले तं काहीच आठवत नाई, चिंचा आम्ही रोजच पाडो." बाबूजीनं दोन्ही भाऊंकडं पाह्यलं. "ज्यानं मारला त्याले आठवत नाई. अन् जे जन्मले नोयते, त्याईले सारं आठवते."

मले वाटलं आता काहीतरी होईन. कोणी रडन, कोणी उठून बाबूजीचा हात धरन. आपण सिनेमे पाहून पाहून बिघडलो.

वरचे भाऊ म्हणाले, "बाबूजी, तुम्हाले कोणी शिकवून पाठवलं हे?"

"मले कोण शिकवन?"

खालचे भाऊ म्हणाले, "अरे, आमचं दुकान जळलं, आमचे पोट्टे जेलात गेले, अन् तुम्ही सगळं चिंचेवर आणून ठेवता? चिंचेसाठी झालं काय सारं?"

"होय," बाबूजी म्हणाले. "चिंचेसाठीच झालं."

"म्हणजे आम्ही येडे?"

बाबूजी काही बोलले नाई. तेच चुकलं असन कदाचित. कोणीतरी मागून म्हणालं, "वय झालं हो बाबूजीचं." दुसरं म्हणालं, "पोराले वाचवलं तवा, अन् आता मोठेपणा." वरचे भाऊ अन् खालचे भाऊ, जे एका गल्लीत चप्पल काढत नोयते, ते त्या दिवशी एकमेकाकडं पाहून मुंडी हालवून राह्यले होते. माझ्या उभ्या जन्मात मी त्याईचं एकमत पाह्यलं ते एवढंच.

ठाणेदार चांगला माणूस होता, पण त्यालेबी चहा थंड होण्याच्या आत उठायचं होतं. म्हणाला, "हा विषय आजच्या अजेंड्यावर नाई. जुनं कशाले उकरता? विषय घ्यायचा नाई, मंजूर?"

हात वर झाले. सगळे. बाबूजी उभे राहून सवयीनं मोजत होते. मोजून झाल्यावर ऑपरेटरले म्हणाले, "विरोधात एक. लिही."

ऑपरेटरनं ठाणेदाराकडं पाह्यलं, अन् टाईप केलं, "सर्वानुमते." मी माईकच्या वायरजवळ उभा होतो, स्क्रीन मले दिसत होती. माझा हात? माझा हात वरबी नोयता अन् बाबूजीच्या बाजूनंबी नोयता. वायर धरून होता. मले कोणी मोजलं नाई.

मोहल्ल्यात मंग नवीनच सुरू झालं. वरचे म्हणायले लागले, बाबूजी खालच्याईले विकले गेले. खालचे म्हणायले लागले, वरच्याईनं बाबूजीले पढवलं. सोनूचा फोटो काढून कोणी टाकला, तोंडाभोवती लाल गोल. बाबूजी घरातून निघेनासे झाले. माय, म्हणजे बाबूजीच्या घरच्या, मले एकदा भाजी बाजारात भेटल्या तं म्हणाल्या, "जेवतानी थांबून जातेत रे. घास हातात घेऊन बसतेत."

आठवड्यानं बाबूजी दुकानात आले. मी एक स्क्रीन बसवून राह्यलो होतो. म्हणाले, "तुझी गाडी चालू आहे न? उद्या सकाळी जाऊ."

"कुठी?"

"आलापल्लीच्या पुढं. चैतूकडं."

चैतू म्हणजे तो ढोलवाला. मले नावबी माहीत नोयतं. गावात कोणालेच माहीत नोयतं. इतक्या वर्षांत एवढे बॅनर लागले, एकावरबी त्याचा फोटो नोयता. तो वरचाबी नोयता, खालचाबी नोयता. त्याचा डोळा तेवढा दोघाईच्या कामी आला.

बाबूजीनं त्याचं गाव जुन्या वहीत लिहून ठेवलं होतं. पत्ता घेऊन कधी गेले मात्र नोयते. रस्त्यानं ट्रकच्या रांगाच रांगा. बाबूजी मागं बसले होते, खड्डा आला की माझ्या खांद्यावरचा हात घट्ट होये. डांबर संपलं, मंग रेती, मंग साग, मंग गाव. लोकाईले विचारत विचारत घर भेटलं. चैतू अंगणात बसून बांबूच्या कामट्या काढत होता. साठीचा माणूस. उजवा डोळा बंद, पापणी आत ओढलेली. "जोहार" म्हणाला अन् बाज समोर सरकवली. बाबूजी बाजेवर बसले, त्याच्या उजव्या बाजूनं.

बाबूजीनं खिशातून कागद काढला. दुरुस्ती लिहून आणली होती, त्याच छापल्यासारख्या अक्षरात, खाली सही, तारीख. वाचायले लागले. "दगड कोणत्याही समाजाने मारलेला नसून..." इथपर्यंत वाचलं अन् चैतूनं हातानं थांबवलं.

"मले माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"लेकरू होता. भिंतीवर. चिंच पाडत होता." त्याची मराठी हळू हळू येत होती, एक एक शब्द शोधल्यासारखी. "मी तिकडंच पाहून राह्यलो होतो. ढोल वाजवत होतो अन् वर पाहत होतो. वाटलं, दोन चिंचा खाली पडतीन, मी उचलीन. म्हणून डोळ्यात बसला. नाई तं पाठीवर बसला असता."

मी म्हणलं, "मंग दादा, सांगितलं काऊन नाई कोणाले?"

"पोलीस आला होता दवाखान्यात. विचारला, वरचा होता का खालचा होता? मी म्हणलो, लेकरू होता. तो म्हणला, लेकरू नको सांगू, वरचा का खालचा ते सांग. मंग मी चूप बसलो." कामटी त्यानं पुन्हा हातात घेतली. "त्याच्यानंतर कोणी आला नाई विचारायले. तुम्हीच आले."

बाबूजीच्या हातातला कागद खाली आला. म्हणाले, "तो माझा पोरगा होता."

चैतूनं कामटी छिलणं थांबवलं नाई. आतून बाईनं कोरा चहा आणून ठेवला. कोंबडी बाजेखालून गेली.

"आता कुठी आहे?" चैतूनं विचारलं.

"पुण्याले. नोकरी आहे. दोन लेकरं आहेत."

"बरं आहे न तो?"

बाबूजीनं मुंडी हालवली. चैतूले ती मुंडी दिसली नसन, कारण बाबूजी त्याच्या बंद डोळ्याकडून बसले होते. तो तसाच थांबला होता, उत्तराची वाट पाहत, कान तिकडं करून.

मंग बाबूजी उठले. बाजेले धरून, गुडघ्यावर हात देत, चैतूच्या मागून फिरून गेले अन् त्याच्या डाव्या बाजूले, खाली जमिनीवर, कामट्याच्या ढिगाजवळ बसले. त्याले दिसन अशा ठिकाणी.